एसआर झालेल्या वेसलचं ३०४ चं नोझल पुन्हा पुन्हा का गळतं

तक्रारीचा सूर ठरलेला असतो. जाड कार्बन स्टीलची प्रेशर वेसल, आतून ३०४ एल स्टेनलेसचं क्लॅडिंग म्हणजे अस्तर, आणि नोझल्स (वेसलला पाइपलाइन जोडायची तोंडं) मात्र स्टॉकमध्ये मिळाली म्हणून साध्या ३०४ स्टेनलेसच्या पाइपची. शॉपमध्ये रेडिओग्राफी पास, स्ट्रेस रिलीव्हिंग (एसआर, म्हणजे वेल्डमधला ताण उतरवायला अख्खी वेसल भट्टीत तापवणं) पास, हायड्रो म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी पास. प्लांटमध्ये गरम नायट्रिक किंवा अॅसिटिक अॅसिड खेळायला लागलं की काही महिन्यांत एखाद्या नोझलच्या वेल्डशेजारी ओल धरते. ग्राइंडरने खणायचं, आर्गॉन वेल्डिंगने भरायचं, डीपी (चिरा दाखवणारी लाल रंगाची चाचणी) घ्यायची, लाइन चालू करायची. मग पुन्हा ओल, जुन्या रिपेअरला खेटूनच. वेल्डर बदलून होतो, फिलरचा (वेल्डमध्ये भरायच्या तारेचा) ब्रँड बदलून होतो, मटेरियल डुप्लिकेट असल्याची कुजबुज होते. मटेरियल डुप्लिकेट नसतं आणि वेल्डरही बहुतेक वेळा निर्दोष असतो. दुखणं भट्टीत लागलेलं असतं, त्यामुळे ते वेल्डिंगच्या टॉर्चने जात नाही.

आधी गळती नीट बघा

ग्राइंडर लावण्याआधी बॅटरी आणि भिंग घेऊन नोझल आतून बघा. एकदा ग्राइंडर फिरला की पुरावा गेला.

वेल्डला समांतर, काही मिलिमीटर अंतरावर, दोन्ही बाजूंना खरवडल्यासारखा पट्टा दिसत असेल आणि बाकीचा पाइप चकचकीत असेल, तर ते वेल्डिंगच्या उष्णतेचं काम आहे. यालाच जुने लोक वेल्ड डिके म्हणतात. वेल्डवर आणि अगदी कडेला निळ्या-तपकिरी रंगावर टाचणीएवढे खड्डे असतील तर पिकलिंग (वेल्डनंतर अॅसिडने साफ करणं) राहिलेलं आहे, गोष्ट तिथेच संपते. झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या चिरा, त्यात क्लोराइडचं पाणी आणि साठ अंशांच्या वरचं तापमान, अशी जोडी असेल तर क्लोराइडमुळे होणाऱ्या स्ट्रेस कोरोजनचा संशय घ्या.

आपल्या तक्रारीत यातलं काहीच दिसत नाही. आतला अख्खा पाइप धुरकट, खरखरीत झालेला असतो, फ्लॅंजच्या टोकापर्यंत, जिथे वेल्डची ऊब कधी पोचलीच नाही तिथेही. बोटाने घासलं तर बारीक रवा हाताला लागतो. हा गंज नाही, धातूचे सुटे झालेले कण आहेत. दुखणं फार पुढे गेलं असेल तर कापलेल्या तुकड्यावर हातोडी मारून बघा. चांगलं स्टेनलेस खणखणीत वाजतं, हा तुकडा फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज देतो. आणि गंमत म्हणजे त्याच वेसलमधलं क्लॅडिंग शेजारीच ठणठणीत असतं. भट्टी तीच, अॅसिड तेच. फरक फक्त ‘एल’ या अक्षराचा, म्हणजे कमी कार्बनचा.

इथे जाडी मोजायच्या अल्ट्रासॉनिक गेजवर विसंबू नका. कण जागच्या जागी असतात, त्यांना धरून ठेवणाऱ्या सीमा पोखरलेल्या असतात. गेज खुशाल मूळ जाडीच्या जवळपासचा आकडा दाखवेल आणि रिपोर्टवर ‘समाधानकारक’ असं लिहून येईल.

मग भट्टीचा चार्ट मागवा

फाइलमध्ये एसआरचा चार्ट असतो. त्यावर साधारण असं चित्र दिसेल: ६२० अंश सेल्सिअस, दोन तास सोक (त्या तापमानाला धरून ठेवणं), आणि चढ-उताराचा वेग कोडच्या मर्यादेत. कार्बन स्टीलसाठी यात खोट काढायला जागा नाही. प्रेशर वेसलचा अमेरिकन कोड, एएसएमई सेक्शन आठ, डिव्हिजन एकप्रमाणे पी नंबर १ (साध्या कार्बन स्टीलचा गट) स्टीलची जाडी ३८ मिमीच्या वर गेली की एसआर सक्तीचं होतं. ३२ ते ३८ मिमीच्या मध्ये असेल तर किमान ९५ अंश प्रीहीट देऊन सुटका मिळते. लेथल सर्व्हिस, म्हणजे आत जीवघेणा विषारी माल, असेल तर ही सूट नाही. तापमान किमान ५९५ अंश, आणि ५० मिमीपर्यंत दर २५ मिमीला एक तास.

पण या तापमानाला ३०४ चं काय होतं ते बघा. साधारण ४२५ ते ८१५ अंशांच्या पट्ट्यात स्टेनलेसमधला कार्बन क्रोमियमला धरून ग्रेन बाउंड्रीवर, म्हणजे धातूच्या कणांमधल्या सीमेवर, कार्बाइड होऊन बसतो. त्या कार्बाइडमध्ये कार्बनच्या ६ अणूंमागे क्रोमियमचे २३ अणू असतात, म्हणजे वजनात पाहिलं तर कार्बनच्या साधारण सोळापट क्रोमियम. हा क्रोमियम लांबून येत नाही, बाउंड्रीच्या लगतच्या पातळ थरातून ओढला जातो. मूळ धातूत १८ टक्के क्रोमियम असलं तरी त्या थरात ते १२ च्या खाली येतं आणि तेवढ्या रेषेपुरतं स्टेनलेस हे स्टेनलेस राहत नाही. अॅसिड कणाला हात लावत नाही, कणांमधल्या सांध्यातून वाट काढतं. यालाच सेन्सिटायझेशन म्हणतात.

आता चार्टवर वेळ मोजा. कोडमध्ये तापवण्याच्या आणि थंड करण्याच्या वेगाची मर्यादा ४२५ अंशांच्या वर सुरू होते. सेन्सिटायझेशनच्या पट्ट्याची खालची हद्दही नेमकी तीच. ५० मिमी जाडीच्या वेसलला वर चढताना ताशी सुमारे ११० अंश आणि उतरताना ताशी सुमारे १४० अंश हीच कमाल. म्हणजे ४२५ ते ६२० चढायला पावणेदोन तास, सोक दोन तास, उतरायला जवळपास दीड तास. नोझलने पट्ट्यात पाच तासांच्या वर मुक्काम केला. साध्या ३०४ ला, कार्बन वरच्या हद्दीजवळ असेल तर, या पट्ट्याच्या मधल्या भागात सेन्सिटाइझ व्हायला मिनिटं पुरतात. एल ग्रेडचा हिशोब तासांचा असतो. वेल्डिंगमध्ये धातू हा पट्टा काही सेकंदांत ओलांडतो, म्हणून नुसतं वेल्डिंग केलेलं पातळ ३०४ वर्षानुवर्षं चालताना दिसतं आणि ‘आम्ही नेहमी ३०४ च लावतो’ हा युक्तिवाद टेबलावर येतो. नेहमी लावत असाल, नेहमी भट्टीत घालत नव्हता.

हे दुखणं नवं नाही. न्यू जर्सीतल्या ऑयस्टर क्रीक अणुवीज केंद्रात १९६७ साली, केंद्र सुरू व्हायच्या आधीच, रिअॅक्टर वेसलच्या तळाशी असलेल्या ३०४ च्या स्टब ट्यूबना (आखूड नळ्यांना) चिरा सापडल्या. स्टीलच्या वेसलला जोडलेल्या या ट्यूब वेसलसोबतच भट्टीत जाऊन सेन्सिटाइझ झाल्या होत्या. आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या वेसलची आणि तिची किंमत सोडली तर गोष्ट तीच.

खात्री कशी करायची

पहिलं काम, पाइपचं मिल टेस्ट सर्टिफिकेट काढून कार्बनचा आकडा वाचणं. ३०४ पाइपला ०.०८ टक्क्यांपर्यंत कार्बन चालतो, ३०४ एल पाइपला ०.०३५, एल प्लेटला ०.०३०. सर्टिफिकेटवर दोन्ही ग्रेड लिहिलेले असतील तर ते ड्युअल सर्टिफाइड मटेरियल, म्हणजे कार्बन एलचा आणि ताकद साध्या ३०४ ची. ते चांगलंच.

सर्टिफिकेट हरवलं असेल तर लोक पीएमआय (धातूची ओळख पटवणारी) गन घेऊन येतात. ती हातातली एक्स-रे गन कार्बन मोजतच नाही. क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम दाखवेल, ३१६ आणि ३०४ वेगळे करेल, पण ३०४ आणि ३०४ एल तिला सारखेच. कार्बन हवा असेल तर स्पार्क स्पेक्ट्रोमीटर किंवा लॅब. टीपीआयने, म्हणजे बाहेरच्या तपासनिसाने, पीएमआय रिपोर्टवर सही केली म्हणजे एल ग्रेडची खात्री झाली, हा गैरसमज मला चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरांमध्येही दिसतो.

मग एएसटीएम ए-२६२, म्हणजे सेन्सिटायझेशन तपासायच्या चाचण्यांचं स्टँडर्ड. यातली प्रॅक्टिस ए म्हणजे १० टक्के ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये, दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर करंटने दीड मिनिट एचिंग, आणि मग मायक्रोस्कोप. कणांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसल्या तर उत्तम. कणांभोवती सलग चर दिसले तर संशय. ही चाचणी फक्त पास करू शकते, नापास करू शकत नाही. चर दिसले तर पुढची चाचणी घ्यावी लागते. सर्वसाधारण कामाला प्रॅक्टिस ई: कॉपर सल्फेट आणि सल्फ्युरिक अॅसिडच्या उकळत्या द्रावणात, तांब्याच्या संपर्कात, किमान १५ तास, मग १८० अंशांत वाकवून चिरा बघायच्या. नायट्रिकच्या सर्व्हिसला प्रॅक्टिस सी: ६५ टक्के उकळतं नायट्रिक, ४८ तासांचे पाच फेरे, वजनातली घट मोजायची.

लॅबला तुकडा पाठवताना एक वाक्य लिहिलं नाही तर सगळा खर्च वाया. ‘तुकड्याला जॉबइतकंच एसआर सायकल दिलेलं आहे.’ मी पाहिलेल्या बऱ्याच पास रिपोर्टमध्ये लॅबने मिलमधून आलेला, भट्टी न पाहिलेला पाइप तपासला होता. तो पास होणारच. टेस्ट कूपन (चाचणीचा नमुना तुकडा) जॉबसोबत, त्याच भट्टीत, त्याच चार्टखाली जायला हवं.

रिपेअर का टिकत नाही

आता खणून भरण्याच्या प्रकाराकडे. डीपी मारली की लाल रेषा दिसते, ग्राइंडर मारला की थोडी हलते, पुन्हा डीपी, पुन्हा लाल. खणाल तितकं लालच, कारण खाली निरोगी धातू लागेल अशी जागाच नोझलमध्ये नाही. शेवटी कंटाळून कुठेतरी थांबायचं आणि भरायचं. त्या भरावाच्या शेजारी आधीच सेन्सिटाइझ झालेल्या पाइपला नवी उष्णता मिळते, पोखरलेल्या सीमा आकसताना उघडतात, आणि काही आठवड्यांनी ओल त्याच जागी येते.

म्हणून रिपेअर म्हणजे नोझल कापून काढणं. पूर्ण. नवं नोझल ३०४ एल किंवा ३१६ एलचं, आणि त्यानंतर वेसल भट्टीत जाणार नाही अशी जोडणी. सोल्यूशन अॅनीलिंगने धातू परत पूर्ववत होतो हे खरं आहे: १०४० अंशांच्या वर तापवून कार्बाइड विरघळवायचे आणि पाण्यात झटकन थंड करायचं. सुटा पाइप, सुटं एल्बो असेल तर जरूर करा. वेसलला जोडलेल्या नोझलला ते करता येत नाही. जागेवरच गॅस टॉर्च लावून लाल केलं आणि ओल्या गोणपाटाने थंड केलं, असले प्रयोग मधल्या पट्ट्यात नवीनच सेन्सिटाइझ झालेला भाग तयार करतात.

पुढच्या जॉबला क्रम बदला

खरा उपाय ड्रॉइंगवर आहे. कार्बन स्टीलच्या बाजूला ३०९ एल फिलरने बटरिंग करा, म्हणजे कडेवर वेल्डचा थर चढवा, मशीनिंगनंतर पाच-सहा मिलिमीटर थर उरेल एवढं. मग वेसल एसआरला पाठवा. भट्टीतून आल्यावर स्टेनलेस नोझल त्या बटरिंगला जोडा. वेल्डची उष्णता कार्बन स्टीलपर्यंत पोचत नाही, त्यामुळे जोडानंतर एसआरची गरज उरत नाही आणि ३०४ भट्टीच्या वाटेलाही जात नाही. हे तुमच्या वेल्डिंग प्रोसिजरमध्ये तसंच क्वालिफाय करून घ्या, नाहीतर टीपीआय शेवटच्या दिवशी अडवेल.

क्रम बदलणं शक्य नसेल तर ग्रेड बदला. एल ग्रेड एका सायकलला बहुधा तरतो. पण रिपेअरमुळे दुसरं, तिसरं सायकल होणार असेल तर सगळ्या तासांची बेरीज धरूनच कूपन तपासा. टायटॅनियमवालं ३२१ किंवा नायोबियमवालं ३४७ घेतलं तर कार्बन त्या धातूंनाच चिकटतो आणि क्रोमियम वाचतं. ३२१ ला फिलर मात्र ३४७ चा, कारण टायटॅनियम आर्कमध्येच जळून जातं. जाड ३४७ मध्ये एसआरच्या वेळीच वेल्डशेजारी चिरा पडण्याची खोड आहे, तेव्हा ते पातळ कामापुरतं ठेवा.

लोकल एसआरचा पर्याय सुचवला जातो. हीटिंग पॅड कार्बन स्टीलच्या जोडाभोवती बांधायचे आणि स्टेनलेस थंड ठेवायचं. जमतं, पण थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) स्टेनलेसवरही लावा आणि तिथला आकडा ४२५ च्या खाली राहिल्याचं चार्टवर दाखवा. फक्त पॅडखालचे थर्मोकपल असलेला चार्ट मी मान्य करत नाही.

आणि स्टेनलेसलाच एसआर हवं असा आग्रह असेल तर?

हा आग्रह क्लायंटच्या स्पेसिफिकेशनमध्ये ‘ऑल वेल्ड्स शॅल बी स्ट्रेस रिलीव्ह्ड’ अशा एका ओळीतून येतो. ती ओळ कुठल्या तरी कार्बन स्टीलच्या जॉबवरून उचललेली असते. पी नंबर ८ म्हणजे ऑस्टेनिटिक स्टेनलेसला (३०४, ३१६ यांच्या कुटुंबाला) कोड एसआरची सक्तीही करत नाही आणि बंदीही घालत नाही. निर्णय तुमच्यावर सोडलेला आहे, म्हणूनच भांडण होतं.

तेव्हा त्यांना विचारा, मिळणार काय? ६०० अंशांवर ऑस्टेनिटिक स्टेनलेसचा ताण जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. ८५ टक्के उतरवायचा तर ९०० अंशांच्या आसपास तासभर ठेवावं लागतं. म्हणजे ६२० चं सायकल ताण फारसा काढत नाही आणि सेन्सिटायझेशन मात्र पदरात घालतं. दोन धातूंच्या जोडात तर आणखी मजा. स्टेनलेस एका अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन फुगतं, कार्बन स्टील १२. भट्टीत दोघं ताणमुक्त झाले असं मानलं तरी ६०० अंश उतरताना स्टेनलेसला मीटरमागे ३ मिमी जास्त आकसायचं असतं आणि कार्बन स्टील त्याला तसं करू देत नाही. ३०४ चं यील्ड, म्हणजे ताणल्यावर कायमचं वाकण्याची हद्द, मीटरमागे सुमारे १ मिमीला येतं. त्यामुळे भट्टीतून निघालेला जोड पुन्हा यील्डपर्यंत ताणलेलाच असतो.

वेल्ड मेटलचं वेगळंच. ३०८, ३०९ च्या वेल्डमध्ये गरम चिरा टाळायला मुद्दाम थोडा फेराइट (लोहचुंबकाला चिकटणारी वेगळी रचना) ठेवलेला असतो. जास्त तापमानाच्या आणि लांबलेल्या सायकलमध्ये त्यातला काही भाग सिग्मा फेज होतो, ठिसूळ. एसआरच्या आधी आणि नंतर फेराइट मीटरचा आकडा घेऊन ठेवा. तो लक्षणीय घसरला असेल तर इम्पॅक्ट टेस्ट घेतल्याशिवाय जॉब सोडू नका.

सगळं ‘एसएस’ सारखं नाही

वरचं वाचून कुणी ४१० च्या जॉबचं एसआर रद्द करेल, म्हणून हे लिहायला हवं. पर्चेस ऑर्डरवर नुसतं ‘एसएस’ लिहिण्याची सवय इथे महागात पडते. ४१० मार्टेन्सिटिक आहे, म्हणजे थंड होताना कडक होणारं, लोहचुंबकाला चिकटतं, आणि त्याला पीडब्ल्यूएचटी (वेल्डनंतरची भट्टी, एसआरचंच दुसरं नाव) हवीच: कोडप्रमाणे किमान ७६० अंश. न केल्यास वेल्डशेजारचा भाग काचेसारखा कडक राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तडा दिसतो. त्यातही वेल्ड झाल्यावर लगेच, गरम असतानाच भट्टीत घालण्याची घाई नको. आधी सावकाश शंभर अंशांच्या आसपास येऊ द्या. तसं न केल्यास उरलेला ऑस्टेनाइट (गरम असतानाची रचना) पीडब्ल्यूएचटीतून थंड होताना ताजा, न टेम्पर झालेला मार्टेन्साइट (कडक, ठिसूळ रचना) बनतो, आणि चार्ट अगदी बरोबर असूनही हार्डनेस जास्त येते. जलविद्युत टर्बाइनच्या रनरचं (फिरत्या चाकाचं) १३-४ कास्टिंग, म्हणजे १३ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेलचं, असेल तर आकडे पुन्हा बदलतात, ५८० ते ६२० अंश. तिथे ‘थोडं वर गेलं तर बरंच’ हे चालत नाही. वर गेलं की ऑस्टेनाइट परत तयार होतो आणि थंड झाल्यावर हार्डनेस उलट वाढते.

डुप्लेक्स २२०५ ला (अर्धं फेराइट, अर्धं ऑस्टेनाइट असलेल्या स्टेनलेसला) कार्बन स्टीलचं एसआर सायकल कधीच नको. करायचीच वेळ आली तर १०२० ते ११०० अंशांचं पूर्ण अॅनीलिंग आणि झटपट थंड करणं, मधलं काही नाही.

भट्टीत काय जातंय तेही बघा. तेलाचे डाग आणि ग्रीस स्टेनलेसच्या पृष्ठभागात कार्बन घालतात. झिंकचा पेंट किंवा गॅल्व्हनाइज्ड पट्टी ७५० अंशांच्या वर गेलेल्या स्टेनलेसमध्ये शिरून त्याला चिरू शकते.

शटडाऊन अजून लांब असेल आणि तोवर वेसल चालवायचीच असेल, तर नोझलभोवती क्लॅम्प बसवा, वेल्डिंग करू नका. जोडीच्या बाकीच्या नोझल्सची यादी करा, कारण एकाच भट्टीतून गेलेली सगळी ३०४ ची नोझल्स त्याच अवस्थेत आहेत, फक्त गळायची पाळी आलेली नाही. आणि साफसफाईच्या नावाखाली कुणी नायट्रिक-हायड्रोफ्लोरिकची पिकलिंग पेस्ट लावायला निघालं तर हात धरा. सेन्सिटाइझ झालेल्या ३०४ च्या सीमा ती पेस्ट प्लांटमधल्या अॅसिडपेक्षा लवकर पोखरते, आणि शुक्रवारी फक्त ओलसर असलेलं नोझल सोमवारी धार सोडतं.